ट्रिगरचा हिशेब

सकाळी ६.१५

जानेवारीतली झिरकपूरची सकाळ घड्याळाच्या भरवशावर मानायची असते. खिडकीबाहेर धुकं असं दाटलंय की समोरचा टॉवर गायब, क्रेनच्या टोकाचा लाल दिवा तेवढा अधांतरी लुकलुकतोय. मोबाइल पाच अंश दाखवतो. कोकणात वाढलेल्या माणसाने हा आकडा बघायचा नाही, सरळ दुसरा स्वेटर चढवायचा.

झिरकपूरच्या पत्त्याची एक गंमतच आहे. फ्लॅटच्या जाहिरातीत ते चंदीगड असतं, सरकारदरबारी पंजाबातल्या मोहाली जिल्ह्यात. चंदीगडहून अंबाल्याकडे निघालं की लगेच लागतं, आणि इथूनच पटियाला, पंचकुला आणि विमानतळाचे रस्ते फुटतात. जिथे रस्ता फुटतो तिथे सोसायटी उगवते. अशाच एका अर्धवट उगवलेल्या सोसायटीवर मी सेफ्टी ऑफिसर आहे. मूळचा चिपळूणजवळच्या अलोऱ्याचा, कोयना प्रकल्पाच्या वसाहतीतला. पदविका महाराष्ट्रातली, ‘ॲडव्हान्स डिप्लोमा इन इंडस्ट्रियल सेफ्टी’ अशा लांबलचक नावाची. साइटवर मात्र सगळ्यांच्या तोंडी एकच, सेफ्टीवाला.

सकाळी ६.५०

लेबर कॉलनीतून चक्कर मारून साइटवर जायचं हा माझा रिवाज. हेल्मेट-बेल्ट तपासायला नव्हे. माणूस कामाला लागण्याआधी कसा आहे ते इथेच दिसतं. पत्र्याच्या खोल्यांपुढे पाणी तापत असतं, कुणी दातण करतंय, कुणी मोबाइलवर गावाकडच्या पोराला ओरडतंय.

नळापाशी आमचा ब्रेकरवाला उभा, काँक्रीट फोडायचं यंत्र चालवणारा. छत्तीसगडचा, चाळिशीचा, कामाला वाघ. उजव्या हातात डबा आणि डावा हात काखेत दाबलेला. ‘‘हात दिखाओ,’’ म्हटलं. ‘‘कुछ नहीं साब, ठंड है बस.’’ पण दाखवला.

मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही दुसऱ्या पेरापर्यंत पांढरी पडलेली. फिकट म्हणत नाही मी, मेणबत्तीसारखी पांढरी. आणि पांढरं संपतं तिथे स्पष्ट कड. कडेच्या अलीकडे नेहमीची सावळी कातडी. अंगठ्याला काही नाही. नख दाबून सोडलं तरी रंग हलत नाही, कारण हलायला बोटात रक्तच नाही. त्याला विचारून मी फोटो काढून घेतला. यालाही कारण आहे. हा माणूस दुपारी डॉक्टरसमोर बसेल तेव्हा ऊन पडलेलं असेल, बोटं ठणठणीत दिसतील आणि डॉक्टर म्हणतील, थंडीचं आहे, हातमोजे घाला.

चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून तो चुलीपाशी बसला. पाव तास गेला असेल. बोटं आधी निळसर झाली, मग लालभडक, आणि तेव्हा तो कळवळला. रक्त परत येतं तेव्हाच दुखतं. पांढरं असताना काहीच कळत नाही, म्हणून तर माणूस खुशाल काखेत हात घालून उभा राहतो.

डावाच हात का? ब्रेकरची मागची मूठ आणि ट्रिगर उजव्या हातात असतो. डावा हात पुढच्या मुठीवर असायला हवा. पण छिन्नी नेमक्या जागी टेकवायची तर कारागीर थेट छिन्नीची मान पकडतो, आणि यंत्रात सगळ्यात जास्त थरथर तिथेच असते.

बोटांचा असा पांढरेपणा मोरिस रेनो या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्ये लिहून ठेवला, पण तो थंडीपुरता. त्याचं हत्यारांशी नातं जुळलं विसाव्या शतकात. इटलीत लोरिगा नावाच्या अभ्यासकाने १९११ साली हवेच्या हातोड्यावर काम करणाऱ्यांच्या हातांबद्दल लिहिलं, आणि १९१८ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, बेडफर्डच्या चुनखडीच्या खाणींत ॲलिस हॅमिल्टन या डॉक्टरबाई पाथरवटांची बोटं तपासत फिरल्या. त्यांनी थंडीचा मोसम गाठला होता. उन्हाळ्यात गेल्या असत्या तर धडधाकट माणसं बघून परतल्या असत्या.

आपल्या देशात हा रोग लपून राहतो तो असा. हा छत्तीसगडचा गडी हैदराबादला, पुण्याला, नागपूरला वर्षानुवर्षं ब्रेकर चालवून आलाय. तिथे बोटं पांढरी पडत नव्हती, फक्त मुंग्या यायच्या, रात्री हात बधिर व्हायचा. मलेशियात बांधकाम मजुरांवर झालेल्या अभ्यासात हेच आढळलं: उष्ण हवेत पांढरं बोट दिसत नाही, पण नसांचं नुकसान व्हायचं ते होतच राहतं. अलोऱ्यात आमच्या चाळीत बोगद्यात ड्रिल मारलेले एक काका होते. कपबशी त्यांच्या हातात टिकत नसे. काकू त्यांना स्टीलच्या पेल्यात चहा द्यायच्या. सगळे म्हणायचे, वात आहे. कोकणात धुकंही पडतं आणि थंडीही, पण बोटं पांढरी करण्याइतकी नाही. झिरकपूरच्या थंडीने निदान खरं ते दाखवलं.

सकाळी ८.००

टूलबॉक्स टॉक, म्हणजे कामाआधीचं सेफ्टीचं बोलणं. गेटच्या आत सगळे गोल उभे, तोंडातून वाफा. भाषा हिंदी, मधेमधे पंजाबी, आणि माझ्या तोंडून चुकून मराठी. पूर्वी इथे सेफ्टीवाले भाषण ठोकत. मी एका थाळीत वॉशर आणि नट-बोल्ट ओततो. ब्रेकर, ग्राइंडर, ड्रिल चालवणाऱ्यांनी डोळे मिटून वॉशर उचलायचे आणि बोल्टवर नट चढवायचा. पोरं हसतात, पैज लावतात. वीस-बावीस वर्षांची पोरं चटाचट उचलतात. आमच्या ब्रेकरवाल्याच्या बोटांखालून वॉशर तीनदा सटकला. चौथ्यांदा त्याने तो थाळीच्या कडेपर्यंत सरकवत नेला आणि तिथून उचलला. हसणं थांबलं.

ही काही डॉक्टरी चाचणी नव्हे. पण शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, विडी कधी पडली ते कळत नाही, असल्या गोष्टी माणूस सांगत नाही. थाळी सांगते.

सकाळी ८.४०

स्टोअर. आमचा स्टोअरकीपर भंडाऱ्याचा, साइटवरचा दुसरा मराठी माणूस. हत्यार हातात देण्याआधी तो माझ्याकडे बघतो, ‘‘देऊ का जी?’’ आणि मी तपासल्याशिवाय रजिस्टरवर सही घेत नाही. त्याच्या मते मी जरा जास्तच करतो. असेल.

पहिलं ग्राइंडर. गार्ड आहे, पण त्याचा स्क्रू ढिला. बाजूची मूठ नाही. ती नेहमीच हरवते, कारण कोपऱ्यात घुसत नाही म्हणून कुणीतरी काढून खिशात टाकलेली असते. चकती बघायची. तिच्या मधल्या पत्र्याच्या कड्यावर मुदत छापलेली असते, महिना आणि वर्ष. आपण बिस्किटाच्या पुड्याची मुदत बघतो, चकतीची कुणी बघत नाही. आतला डिंक जुना होतो, दमट जागी पडून राहिला तर आणखी लवकर, आणि चकती फिरता फिरता फुटते. दुसरं म्हणजे तिच्यावर छापलेला वेग. छोट्या ग्राइंडरची आस मिनिटाला ११,००० फेऱ्या मारते. कापायच्या चकतीची कड सेकंदाला ८० मीटरपर्यंतच सोसते, तसं तिच्यावर लिहिलेलंच असतं. पाच इंची चकती या वेगाला सेकंदाला ७२ मीटर धावते, म्हणजे हद्दीत. आता गार्ड काढून त्याच यंत्राला सात इंची लावा: १०० मीटरच्या पुढे. गार्ड काढतात ते बहुधा याचसाठी, मोठी चकती बसावी म्हणून. म्हणजे ज्या क्षणी गार्डची सगळ्यात जास्त गरज, नेमका तेव्हाच तो नसतो.

नवं ग्राइंडर मात्र बघण्यासारखं आहे. दांड्याखाली लांब पट्टीचा स्विच. हात सुटला की बंद. आत ब्रेक आहे, चकती एक-दोन सेकंदांत थांबते. जुन्यात ती खाली ठेवली तरी फिरतच राहते आणि पँट ओढते. चकती अडकून झटका बसला तर इलेक्ट्रॉनिक क्लच मोटर तोडतो. आणि मला सगळ्यात आवडणारी सोय: वीज गेली आणि परत आली, तरी स्विच सोडून पुन्हा दाबल्याशिवाय ते चालू होत नाही. जिथे लाइट जाते आणि दोन मिनिटांत डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, सुरू होतो, तिथे ही एक सोय बाकीच्या सगळ्यांइतकी.

मग रोटरी हॅमर. बिट सळईत अडकली तर सगळं यंत्र मनगटाला पिळून फिरतं. म्हणून आत ओव्हरलोड क्लच असतो, तो कट्‌कट् करत सुटतो. तो सुटतोय का हे बघायचं. जुन्या यंत्रात तो घासून गुळगुळीत झालेला असतो किंवा जाम. एक्स्टेन्शन बोर्ड: वीज गळली की ती तोडणारा ३० मिलिॲम्पिअरचा ईएलसीबी बटण दाबून पाडून बघायचा. प्लगऐवजी नुसत्या वायरी काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटमध्ये खोचलेल्या दिसल्या तर तो बोर्ड आजच्या दिवसापुरता माझा.

अमेरिकेत स्टीव्ह गॅस नावाच्या पेटंट वकिलाने, हाडाचा सुतार बरं का, १९९९ मध्ये अशी टेबल सॉ बनवली की पात्याला बोट लागताच शरीरातल्या विजेच्या वहनाने तिला कळतं आणि पाच मिलिसेकंदांच्या आत ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसून ते थांबतं. बोटाला ओरखडा, बस्स. तिचा व्हिडिओ पोरांना दाखवला की शिट्ट्या पडतात.

गार्ड, ब्रेक, क्लच, ईएलसीबी, स्टीव्ह गॅसचा ठोकळा. या सगळ्या सोयी डोळ्याचं पातं लवायच्या आत घडणाऱ्या संकटासाठी केलेल्या आहेत. आणि त्या कामाच्या आहेत, मी त्यांच्यासाठी रोज भांडतो. पण नळावर काखेत हात घालून उभ्या असलेल्या माणसाला त्यातल्या एकीचाही उपयोग झाला नाही. त्याचं यंत्र तपासणीत दर वेळी पास झालंय. हिरवी पट्टी आहे त्याच्यावर.

सकाळी १०.००

नववा मजला. टॉयलेटच्या स्लॅबमध्ये पाइपाचं भोक पाडायचंय. मी भिंतीला टेकून स्टॉपवॉच लावतो. माणसाला विचारलं तर म्हणतो, दिवसभर चालवला. पण दिवसभरात बोट ट्रिगरवर किती वेळ होतं ते वेगळं असतं. तुकडे उचलणं, खूण करणं, पाणी पिणं, तंबाखू मळणं यात बराच वेळ जातो. शरीराला लागतो तो ट्रिगरचा वेळ.

हिशेब असा. युरोपीय संघाने २००२ च्या एका निर्देशात दोन रेघा मारल्या. आठ तासांच्या दिवसाला सरासरी कंपन २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग झालं की मालकाने हालचाल करायची, आणि ५ च्या पुढे जाऊच द्यायचं नाही. ब्रिटनने २००५ मध्ये नियम केले आणि तिथल्या सुरक्षा खात्याने ते साध्या गुणांत बसवले: १०० गुणांना सावध, ४०० ला थांबा. गुण काढायला फळ्यावरचं गणित पुरतं. यंत्राचं कंपन त्याच आकड्याने गुणा, दुप्पट करा, ट्रिगरच्या तासांनी गुणा.

आमचा जुना ब्रेकर मी १२ धरतो. बाराचा वर्ग १४४, दुप्पट २८८. म्हणजे एका तासाला २८८ गुण. एकवीस मिनिटांत १००, आणि एक तास तेवीस मिनिटांत ४०० संपले. संपले म्हणजे त्या माणसाचा त्या दिवसाचा सगळा शिधा संपला, मग ग्राइंडरही नको आणि ड्रिलही नको. आता मुठीत स्प्रिंग आणि आत उलट हलणारं वजन असलेलं नवं यंत्र घ्या, कंपन ६. सहाचा वर्ग ३६, दुप्पट ७२. तेच ४०० गुण आता साडेपाच तासांना पुरतात. कंपन निम्मं, वेळ चौपट. खरेदी खात्याला समजावताना मी एवढं एकच वाक्य बोलतो आणि गप्प बसतो. कंपनाचा आकडा यंत्राच्या पुस्तिकेत असतो, बहुतेक शेवटच्या पानांत बारीक टाइपात. पण तो प्रयोगशाळेतला. बोथट छिन्नी आणि दणकट काँक्रीट आलं की प्रत्यक्षात वाढतो, म्हणून मी चढाच धरतो.

यंत्र बदलून खरंच फरक पडतो का? फिनलंडच्या जंगलात लाकूडतोडे चेनसॉ चालवायचे. सुओमुसाल्मी भागात १९७२ मध्ये त्यांच्यातल्या ४० टक्के लोकांना पांढऱ्या बोटांचा त्रास होता. करवतीच्या मुठी रबरावर बसवल्या, करवती हलक्या झाल्या. १९९० पर्यंत प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. फिनलंडची थंडी तीच राहिली.

इथे नववा मजला, जुना ब्रेकर. म्हणून मी भिंतीवर खडूने रेघा मारायला लावल्यात. पाच मिनिटांचा ट्रिगर झाला की एक रेघ, चार रेघा झाल्या की हात बदल. एका ब्रेकरवर तीन माणसं. आज पहिल्या माणसाने चौथी रेघ मारली आणि पाचव्या वेळी पुन्हा ब्रेकर उचलला. मी काही न बोलता रेघांकडे बघितलं. त्याने शिव्या घातल्या, पण ठेवला.

आणखी दोन गोष्टी पोरांना सांगायच्या असतात, त्यांना पैसे लागत नाहीत. छिन्नीला धार लावून घ्या. बोथट छिन्नी काम लांबवते. आणि यंत्रावर रेलू नका. जेवढी घट्ट मूठ, तेवढी थरथर हातात जास्त शिरते. यंत्राला त्याच्या वजनाने काम करू द्या.

सकाळी ११.४५

लाइट गेली. सगळी साइट एकदम गप्प, आणि मग कुठूनतरी गाणं ऐकू येतं. अकराव्या मजल्यावर सळई कापणाऱ्याने हातातलं ग्राइंडर तसंच फळीवर ठेवलं आणि विडी पेटवली. जुनं ग्राइंडर, स्विच लॉकमध्ये. डीजी सुरू झाला. ग्राइंडर फळीवर उसळलं, फिरत फिरत कडेला गेलं आणि वायरच्या टोकाला लटकून शटरिंगवर आपटत राहिलं. कुणाला लागलं नाही. जाळीपर्यंत गेलं असतं तर खाली माल उतरवणारी माणसं होती.

नोंद केली, यंत्र जप्त. तो पोरगा म्हणाला, स्विच सारखा दाबून धरला की बोट दुखतं, म्हणून लॉक करतो. खरं बोलला. आता लॉक नसलेलं यंत्र द्यायचं तर पट्टीचा स्विच हवा, जो चारही बोटांनी दाबता येतो. गार्ड का काढतात, लॉक का लावतात, हे विचारल्याशिवाय नुसता दंड केला की पुढच्या वेळी ते माझी पाठ फिरल्यावर काढतात, एवढाच फरक.

दुपारी १.००

ऊन पडलं. आता स्वेटर नको. मी डबा खात असताना ब्रेकरवाला आला, बोटं अगदी नेहमीची. ‘‘देखो साब, ठीक हो गया.’’ ठीक झालेलं नाही हे त्याला सांगणं सगळ्यात अवघड. पहिल्या पायरीवर यंत्र सोडलं तर बोटं सुधारू शकतात. बरंच पुढे गेलं की मागे येणं अवघड. १९८६ साली स्टॉकहोमच्या बैठकीत तज्ज्ञांनी या पायऱ्या ठरवल्या, रक्तवाहिन्यांच्या वेगळ्या आणि नसांच्या वेगळ्या. रक्ताच्या बाजूने तो चढायला लागलाय. नसांच्या बाजूने बराच चढलाय, हे थाळीने सांगितलं. डॉक्टरांनी सांगायचं ते वेगळं. नसांतून वीज किती वेगाने जाते त्याची तपासणी करतात, ती त्याला करायला हवी. चंदीगडला पीजीआय आहे, सेक्टर ३२ चं सरकारी मेडिकल कॉलेज आहे. चिठ्ठीवर मी ठळक लिहितो: काम कोणतं, यंत्र कोणतं, किती वर्षं, आणि सकाळचा फोटो जोडलाय. हे नसलं तर मुंग्यांवरून डॉक्टर साखर तपासायला पाठवतात. तीही तपासावीच म्हणा.

विडी सोड, असंही सांगितलं. निकोटिनने आधीच आकसलेल्या वाहिन्या आणखी आकसतात. यावर त्याने ज्या नजरेने पाहिलं तिचं भाषांतर करत नाही.

कागदावर मात्र हा रोग जवळजवळ नाहीच. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या तिसऱ्या परिशिष्टात कळवायलाच हवेत अशा २९ रोगांची यादी होती. शिसं होतं, सिलिकोसिस होता, आवाजाने येणारा बहिरेपणाही होता. थरथरीने गेलेला हात नव्हता. जे कळवावं लागत नाही ते मोजलं जात नाही, आणि जे मोजलं जात नाही ते नसतंच. ब्रिटनमध्ये कोळसा खाणकामगारांनी याच पांढऱ्या बोटांसाठी कोर्टात लढून १९९८ मध्ये निकाल मिळवला, आणि पुढे सरकारला भरपाईची मोठी योजना आणावी लागली.

मागच्या आठवड्यात एक विक्रेता कंपनरोधक हातमोजे घेऊन आला होता. जेल भरलेले, रंगीत. ब्रेकरची थरथर मंद ठोक्यांची असते. मोजे अडवतात ती बहुतेक वरच्या वारंवारतेची. थंडीत हात गरम ठेवायला मोजे हवेतच, पण साधेही चालतात. जेलच्या मोज्यांवर भिस्त ठेवून रेघा मारणं बंद करायचं असेल, तर ते न घेतलेले बरे.

दुपारी २.३०

साइट ऑफिस. खरं काम इथे आहे. सेफ्टीवाला ड्रॉइंगच्या बैठकीत काय करतोय, असं नव्या इंजिनिअरला वाटतं.

सकाळचं ते भोक का पाडत होतो? स्लॅब ओतला तेव्हा तिथे पाइपाची जागा राखणारी स्लीव्ह ठेवायला हवी होती. ठेवली नव्हती, कारण प्लंबिंगचं सुधारित ड्रॉइंग स्लॅबनंतर आलं. ॲल्युमिनियमच्या शटरिंगमध्ये भिंतीसुद्धा काँक्रीटच्या. विटेच्या भिंतीत झिरी मारणं सोपं, इथे एक विसरलेला स्विचबॉक्स म्हणजे अर्धा तास ब्रेकर. मी महिन्याची यादी काढली होती. ब्रेकरच्या कामाचा मोठा वाटा कागदावरच्या विसरभोळेपणाचा होता. फुगलेला शटर, चुकलेली लेव्हल, राहिलेली स्लीव्ह. कुणीतरी वातानुकूलित खोलीत एक वर्तुळ काढायला विसरतो आणि नवव्या मजल्यावर एका माणसाची बोटं ते वर्तुळ पाडतात.

चंदीगडमध्ये वास्तुकार ल कॉर्बुझियेच्या इमारती उघड्या काँक्रीटच्या आहेत, फळ्यांच्या शिरा तशाच ठेवलेल्या. १९५० च्या दशकापासून त्या उभ्या राहिल्या तेव्हा डोक्यावरून घमेली वाहणाऱ्या बायकांनीही त्या बांधल्या. त्या कामाचे गोडवे गाण्याचं कारण नाही. पण जे ओतायचं ते एकदाच, ही शिस्त त्यात आहे. आपण आधी ओततो, मग प्लास्टर धरावं म्हणून त्यालाच टाचे मारतो.

बैठकीत मी एकच मागतो: स्लॅबआधी स्लीव्ह मोजून सही, आणि सहीशिवाय काँक्रीट नाही. आणि भोक पाडायचंच असेल तर ब्रेकरऐवजी कोअर कटर, तो स्टँडवर बसतो, हात लावायचा तो चाक फिरवायला. प्लंबिंगवाल्यांनी घड्याळ पाहिलं. प्रोजेक्ट मॅनेजर सरदारजी, त्यांनी मात्र विचारलं, ‘‘एका चुकलेल्या भोकाला खर्च किती?’’ ब्रेकर, माणसं, डीजीचं डिझेल, वॉटरप्रूफिंग पुन्हा. आकडा मी घेऊन आलो होतो. बोटांबद्दल बोललोच नाही. सही झाली.

दुपारी ४.३०

पेटी कॉन्ट्रॅक्टर, म्हणजे माणसं पुरवणारा पोटठेकेदार, भेटायला आला, चेहरा आंबट. ‘‘पाजी, तुमच्या रेघांनी माझा धंदा बसवला.’’ त्याचंही बरोबर. तो माणसांना भोकामागे, फुटामागे पैसे देतो. तीन माणसं फिरवली की तिघांचं पोट एका ब्रेकरवर. चौथ्या रेघेनंतर ब्रेकर उचलणारा तो सकाळचा माणूस मूर्ख नव्हता, त्याला दोन भोकं जास्त पाडायची होती.

जोवर पैसे भोकामागे मिळतात तोवर माझी गुणपत्रिका भिंतीवरचा खडू आहे. हे मी लेखी दिलंय: थरथरणाऱ्या यंत्रांवरची कामं हजेरीवर द्या, दिवसाच्या रोजावर. अजून मंजूर नाही. तूर्त एवढं झालंय की फिरवलेल्या माणसाला उरलेल्या वेळात खूण करणं, माल हलवणं ही कामं द्यायची आणि रोज कापायचा नाही. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, बघू. चहा प्यायला. पंजाबात ‘बघू’ला किती वजन असतं ते मला अजून नीट उमगलेलं नाही, कोकणात त्याचा अर्थ नाही असाच असतो.

संध्याकाळी ५.४५

हत्यारं परत. स्टोअरकीपर एकेक मोजून घेतो. ‘‘हे गार्डवालं आलं जी, गार्डासकट!’’ तो टिंगल करतोय, पण बाजूची मूठही आहे का ते बघून घेतो. मी रेघांचे आकडे रजिस्टरमध्ये उतरवतो, नावापुढे गुण. जप्त केलेल्या ग्राइंडरला लाल पट्टी.

राहिला ब्रेकरवाला. यंत्र त्याला द्यायचं नाही हे ठरलं, पण हेल्परचा रोज त्याला परवडत नाही, आणि तो म्हणाला तसं, पाणी मारायला त्याची गरज काय. मी त्याला प्लंबिंगचं ड्रॉइंग उघडून दाखवलं. ड्रॉइंग त्याला वाचता येत नाही असं मी धरून चाललो होतो. त्याने बोट ठेवलं: ‘‘इधर हर मंज़िल पे भूलते हैं. और इधर, डक्ट के पास.’’ प्रत्येक मजल्यावर ते विसरलेलं भोक त्यानेच पाडलंय. विसरण्याच्या जागा त्याच्याइतक्या कुणाला ठाऊक? ऑपरेटरच्याच रोजावर स्लीव्ह तपासायचं काम, त्याची डॉक्टरी तपासणी होईपर्यंत. इंजिनिअर सही करेल, पण त्याच्या खडूची खूण बघून. कॉन्ट्रॅक्टरला फोन केला. या वेळी तो ‘बघू’ म्हणाला नाही, ‘‘ठीक है’’ म्हणाला.

उद्या बाराव्या मजल्याचा स्लॅब आहे. नीडल व्हायब्रेटर दुसऱ्या दोघांकडे दिलाय, आळीपाळीने. धुक्यामुळे तयार काँक्रीटच्या, आरएमसीच्या गाड्या दहाच्या आधी येत नाहीत, म्हणजे स्लीव्ह मोजायला दीड तास मिळतो. साडेआठला त्याला वर बोलावलंय.